हातच्या बांगडीला आरसा

यशोधराबाईंच्या घरात लोखंडाला गंज चढेनासा झाला, त्याला आता चार वर्षं होतील. शिवणयंत्राचं चाक, पत्र्याच्या ट्रंकेची कडी, कात्री, अडकित्ता, सगळं कसं लख्ख. पूर्वी असं नव्हतं. त्यांचे यजमान धम्मदीप गायकवाड यांनी सकाळी कात्री हातात घेतली, की दोन दिवसांत तिच्यावर तपकिरी बोटं उमटलीच म्हणून समजावं. बाई तेलाची चिंधी घेऊन त्यांच्या मागे. "अहो, हात लावू नका म्हटलं ना," हे वाक्य त्या घरात दिवसातून दहादा तरी म्हटलं जायचं. धम्मदीप हसायचे. "माझा हात लागला की लोखंडाला रडू येतं, त्याला मी काय करू?"

मग ते गेले. तेलाची चिंधी गॅसच्या सिलिंडरमागे वाळून कडक झाली. माणूस गेल्यावर त्याचा आवाज आठवतो, चाल आठवते, असं लोक सांगतात. यशोधराबाईंना गंज आठवायचा, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर मुलीने, राजसीने, डॉक्टरकडे नेलं असतं.

काही माणसांचा घामच तसा असतो. खारट, आंबूस, कसा कोण जाणे, पण पोलादाला लागला की पोलाद खाऊन टाकतो. साध्या माणसाला हे जन्मभर कळत नाही, कारण साध्या माणसाचा पोलादाशी संबंध चमच्यापुरता. गायकवाड नवराबायकोला ते कळलं, कारण दोघंही अंबरनाथच्या थंडी कंपनीत कामाला होते.

कागदोपत्री कंपनीचं नाव चांगलं लांबलचक इंग्रजी होतं. गावाने ते कधी घेतलं नाही. विमानातली हवा गार करायची यंत्रं तिथे दुरुस्तीला येत, म्हणून थंडी कंपनी. विमान वर गेलं की बाहेर हाडं गोठवणारा गारठा, पण आत बसलेल्यांना द्यायची हवा येते इंजिनाच्या पोटातून, आणि ती असते तापलेली. ती हवा एक छोटा कॉम्प्रेसर आणखी दाबतो, मग ती जाळीतून जाऊन जराशी निवते, आणि शेवटी मुठीएवढ्या पंख्यावर आदळून फुगते. फुगताना अंगातली सगळी ऊब तो पंखा फिरवण्यात घालवते आणि पलीकडून बाहेर पडते ती बर्फासारखी गार. कॉम्प्रेसर आणि पंखा एकाच दांड्यावर, मिनिटाला पन्नास हजार फेरे. कामगार त्याला भोवरा म्हणायचे. आणि तो भोवरा तोलून धरायचा कुणी, तर दोन बेअरिंगांनी. ती बेअरिंगं ज्या गुळगुळीत पोलादी कड्यात बसवतात त्याला इंजिनिअर स्लीव्ह म्हणत. दोन बोटं रुंद, चकचकीत. बेअरिंगं जोडायच्या खोलीतल्या बायकांनी तिचं नाव बांगडी ठेवलं आणि पुढे मॅनेजरसुद्धा बांगडीच म्हणायला लागले.

आता गंमत बघा. लोकांची विमानं गार ठेवणाऱ्या या कंपनीत कामगारांच्या डोक्यावर मात्र तापलेला पत्रा होता. एसी होता फक्त बेअरिंगच्या खोलीला, आणि तोही बायकांसाठी नव्हे, बेअरिंगांसाठी. आत जायचं तर बूट-चपला बाहेर काढायच्या, कोपरापर्यंत हात धुवायचे, आणि काम करायचं उघड्या हाताने. त्या काळचे हातमोजे सुती. त्यांचा एक धागा आत गेला तर पन्नास हजार फेऱ्यांत काय होईल ते सांगायला नको. म्हणून उघडा हात. पण तो हात स्वच्छ पाहिजे, आणि साबणाने होतो तसा स्वच्छ नव्हे, मुळातून.

त्यासाठी आरसा होता. नवा माणूस आला की इन्स्पेक्टर अनंतराव त्याला घासून चकचकीत केलेल्या पोलादी पट्टीवर अंगठा उमटवायला लावत. पट्टी ओल्या स्पंजाशेजारी काचेच्या हंडीखाली रात्रभर झाकून ठेवत. सकाळी पट्टी कोरी असली तर माणूस आत. तांबूस अंगठा उमटला असला तर माणूस गंजा, जन्मभर खोलीच्या बाहेर. धम्मदीपचा अंगठा असा उमटला होता की अनंतरावांनी पट्टी खिडकीशी नेऊन पाहिली आणि म्हणाले, "गायकवाड, तुम्हाला तर पोलिसांतसुद्धा शाईची गरज नाही."

जवळच्या सिंधी वसाहतीतल्या, म्हणजे कॅम्प दोनच्या, एका शेठकडून कंपनीला पुसायचं कापड यायचं. शेठने एकदा धम्मदीपला खोलीच्या दाराशी नुसतंच उभं पाहिलं. "साईं, ये आदमी अंदर क्यूं नहीं जाता?" अनंतराव म्हणाले, "तो गंजा आहे." शेठने धम्मदीपच्या दाट केसांकडे पाहिलं, स्वतःच्या टकलावरून हात फिरवला आणि म्हणाला, "ये गंजा है, तो मैं क्या हूं?" हा विनोद कंपनी बंद पडेपर्यंत चालला.

यशोधराबाईंची पट्टी कोरी निघाली. नुसती कोरी नव्हे. अनंतराव दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी तीच पट्टी हंडीखाली ठेवत राहिले आणि चौथ्या दिवशी सगळ्यांना बोलावून दाखवली. "याला म्हणतात हात." चोवीस वर्षांच्या यशोधरेने त्या दिवशी घरी जाऊन आईला हे सांगितलं. आईचं बालपण मुरबाडच्या पलीकडचं, जिथे तिच्या ओंजळीत लोक वरून पाणी ओतत, भांडं ओंजळीला लागू नये म्हणून. आईने लेकीचा हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला. "माणसांना नाही कळलं," ती म्हणाली, "लोखंडाला कळलं म्हणायचं." यशोधराबाईंना पुढे आयुष्यात पुष्कळ काही मिळालं, पण त्या वाक्याची सर कशालाच आली नाही.

खोलीच्या एका भिंतीला काच होती. काचेच्या अलीकडे यशोधरा भोवरा जोडायची, पलीकडे धम्मदीप तो चाचणीच्या टेबलावर चढवून फिरवून बघायचा. भोवरा सुरळीत चालला की तो काचेतून डावा अंगठा वर करायचा. उजव्या हातात हवेचा कॉक असायचा ना. त्या डाव्या अंगठ्यावर तिरका व्रण होता, पंख्याच्या पात्याने कापलेला, सहा टाक्यांचा. दोन वर्षं असा अंगठा पाहून पाहून शेवटी त्यांचं लग्न झालं. "हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात लोक," धम्मदीप चारचौघांत चिडवायचे, "आमच्याकडे उलटं. हिला आधी आरसा दाखवला, मग बांगडीला हात लावू दिला."

यशोधराबाईंना त्या हाताचा गर्व होता, आणि तो त्यांनी कधी लपवला नाही. प्रत्येकीचं एक कार्ड असे. बांगडी नापास झाली की कार्डावर लाल फुली. उघडी बांगडी तासाभरात तेल घालून डब्यात बंद झाली नाही, तरी फुली. भल्याभल्यांच्या कार्डावर चार-चार फुल्या होत्या. यशोधराबाईंच्या कार्डावर पंचवीस वर्षांत एकही नाही. दुसऱ्या बायका म्हणत, ही नाकाने कांदे सोलते. बाई म्हणत, सोलते, आणि डोळ्यांत पाणीही येऊ देत नाही.

एका गोष्टीत मात्र धम्मदीपवर त्यांचा कायमचा दावा होता. राजसीच्या वेळी आठव्या महिन्यातच, कामावर असताना, दुपारी चारला पोटात कळ आली. हातात बांगडी होती. ती बंद केली की तशीच ठेवली, हे त्यांना पुढे कधी आठवलं नाही. रजा संपवून आल्या तेव्हा टेबल लख्ख होतं, कार्डावर फुली नव्हती, म्हणजे केलीच असणार. तर कळ आली, धावपळ झाली, कंपनीची जीप दाराशी लागली, बायकांनी त्यांना आत बसवलं, आणि नवऱ्याचा पत्ता नाही. जीप थांबली, थांबली आणि शेवटी निघून गेली. गेटवरचे वॉचमन कोंडाजी भोईर ही कहाणी रंगवून सांगायचे. "जीप गेली, आन् हा बाबा पाच मिन्टांनी धावत आला. एक बूट पायात, एक हातात. मी म्हनलं, आरं, बाईल बालंतीन होतेय आन् तू करतोस काय? तं म्हनतो, बूट घालत होतो."

बूट घालत होतो. बायको कळा देत असताना माणूस बूट घालत होता. धम्मदीप हॉस्पिटलात पोहोचले तेव्हा राजसीचा जगातला पहिला आवाज काढून झाला होता. पुढची तीस वर्षं घरात कशावरूनही भांडण निघालं, की शेवट तिथेच व्हायचा. "तुमचं काय, तुम्ही बूट घालत बसाल." धम्मदीप कधीही यावर एक अक्षर बोलले नाहीत. नुसते हसायचे.

कंपनी बंद पडली. शेड विकली गेली, स्टोअर भंगारवाल्यांनी उचललं. गायकवाड कुटुंब बदलापूरजवळ सोनिवलीला नव्या इमारतीत राहायला गेलं. तिथून डोंगर दिसतो म्हणून धम्मदीपना घर आवडलं होतं, आणि तो डोंगर त्यांना जेमतेम तीन वर्षं मिळाला.

याच सोनिवलीची तेजल भोईर, गेटवरच्या कोंडाजींची धाकटी. कोंडाजी आता नाहीत, पण पोरगी इंजिनिअर झाली आणि तिने अंबरनाथ पूर्वेला एमआयडीसीत एक गाळा घेऊन तेच काम पुन्हा सुरू केलं. यंदा तिला सरावाच्या विमानांची कूलिंग युनिटं दुरुस्तीला मिळण्याचा योग आला. एका रविवारी ती पेढे घेऊन यशोधराबाईंकडे आली.

"मावशी, सहा मुली घेतल्यात. हुशार आहेत, पण हात नाहीये गं त्यांना. तू खोली सांभाळ. तुझ्याशिवाय नाही जमणार."

"आता हातमोजे असतात ना तुमचे ते निळे?"

"असतात. पण गिऱ्हाइकाच्या कागदात आरशाची टेस्ट अजून लिहिलेली आहे. आणि हातमोज्याच्या आतला हात कोण शिकवणार?"

यशोधराबाईंनी वय त्रेसष्ट, गुडघे, बीपीची गोळी, अशी सगळी कारणं सांगितली आणि मग विचारलं, "किती वाजता यायचं?"

आठ दिवस त्या अशा गेल्या की राजसी बघत राहिली. सकाळी साडेसातला डबा भरून तयार. गाळ्यातली खोली छोटी, पण दाराबाहेर चपलांची रांग, आत बेअरिंगं धुवायच्या पेट्रोलचा तो जुना वास आणि मांडीवर पांढरं कापड. मुली त्यांना ताई म्हणायच्या. अक्षदा नावाची एक मुलगी होती, तिला त्या सर्वांत जास्त रागवायच्या, कारण तिचा हात सगळ्यांत चांगला होता. "बेअरिंग फिरवायचं नाही, त्याला फिरू द्यायचं. तू ढकलतेस. कुणाला ढकललेलं आवडतं का?"

नवव्या दिवशी गिऱ्हाइकाकडून विक्रांत आला. तिशीचा, क्वालिटीचा माणूस, शर्टाच्या खिशात टॉर्च. खोली कुणाच्या ताब्यात द्यायची हे तो बघणार होता आणि त्याच्या सहीवर तेजलचं सगळं काम अडलं होतं. तेजलने मुलींना सरावासाठी कॅम्प दोनच्या भंगारातून जुन्या बांगड्यांचे चार सीलबंद डबे आणले होते. विमानात जाणारा माल नव्हे, नुसता हात बसवायला. त्यातल्या एका डब्याच्या झाकणाला कार्ड चिकटलेलं होतं. बाईंनी चष्मा न लावताच आपलं नाव ओळखलं.

"हे माझं आहे," त्या म्हणाल्या. आवाज जरा मोठाच लागला. "साहेब, तुम्ही बघाच. तीस वर्षांपूर्वीची बांगडी आहे, आजही तोंड बघून घ्या तिच्यात. अक्षदा, उघड."

अक्षदाने हातमोजे चढवून डबा कापला. तेलाचा जुना कागद उलगडला. बांगडी खरंच चकचकीत होती, एका बाजूने. दुसऱ्या बाजूला, अगदी मधोमध, एक पूर्ण अंगठा उमटलेला होता. तपकिरी. गंजाचा.

 मुलींनी एकमेकींकडे पाहिलं नाही, इतक्या त्यांच्या माना खाली. विक्रांतने टॉर्च मारून पाहिलं, कार्ड पाहिलं, आणि तो उर्मट नव्हता म्हणून हळूच बोलला. "कार्ड तर तुमचंच आहे, ताई. आणि आपल्याकडे ज्याचं कार्ड, त्याची जबाबदारी."

"हा हात माझा नाही."

"मी नाही म्हणत नाही. पण कागदावर दुसरं नाव नाही. ज्याच्या हाताने गंज चढतो त्याला खोली देता येत नाही, हे तुम्हीच या मुलींना शिकवलंत ना?"

यशोधराबाईंना कान तापल्याचं कळलं. लहानपणी आईबरोबर पाणवठ्यावर उभं राहताना तापायचे, तसे. त्यांनी बाह्या वर केल्या. "आरसा काढ, तेजल."

"मावशी, अगं तशी काही गरज..."

"काढ म्हटलं ना."

पट्टी घासली गेली. बाईंनी हात धुतले नाहीत, मुद्दामच. तसाच अंगठा दाबला, आधी उजवा, मग डावा. विक्रांतने हंडी झाकली, कडेला चिकटपट्टी लावून सही केली. उद्या दहा वाजता बघू, म्हणाला.

त्या संध्याकाळी यशोधराबाईंनी सोनिवलीच्या घरात भाजी करपवली. राजसीने विचारलं तर त्यांनी सगळं सांगितलं, पण मनात होतं ते सांगितलं नाही. मनात भीती होती. गोळ्यांनी घाम बदलतो म्हणतात. वयाने बदलतो. आणि त्याहून वाईट शंका ही, की हात पहिल्यापासूनच तसा असला तर? अनंतराव चुकले असले तर? तो एक अंगठा उघडा पडला, आणि असे किती डब्यांत बंद आहेत कुणास ठाऊक. पंचवीस वर्षांचा गर्व, आईचं ते वाक्य, सगळं त्या हंडीखाली झाकून ठेवलेलं होतं.

"आई, नाही मिळाली खोली तर नाही," राजसी म्हणाली. "काय अडलंय तुझं?"

"तुला नाही कळायचं," बाई म्हणाल्या आणि दोघी करपलेली भाजी निमूटपणे जेवल्या.

दुसऱ्या दिवशी दहाला विक्रांतने चिकटपट्टी सोडवली. पट्टी दोन्हीकडून कोरी होती. त्याने टॉर्च मारून, तिरपी धरून, सगळ्या बाजूंनी पाहिली. मग पट्टी त्याने दोन्ही हातांनी बाईंपुढे धरली. "सॉरी, ताई. असा हात मी पाहिला नाही." मुली हसल्या. अक्षदाचे डोळे भरून आले होते. तेजलने तर सुटकेचा श्वास असा सोडला की तो पार बाहेर ऐकू गेला असेल.

"मग आता एकच राहिलं," विक्रांत म्हणाला. "तो दुसरा हात कुणाचा, ते काही कळणार नाही. अज्ञात लिहू."

तिथे विषय मिटला असता. पण बाईंचा स्वभाव मिटवण्यातला नव्हता. आपल्या खोलीत शिरून, आपल्या बांगडीला हात लावून, पंचवीस वर्षांच्या कामावर डाग ठेवून गेला कोण, ते त्यांना हवं होतं. चांगली खरडपट्टी काढायची होती, मेलेला असला तरी. त्यांनी चष्मा लावला, वर मोठं भिंग घेतलं आणि बांगडी दिव्याखाली धरली.

अंगठा डावा होता. रेषा गोल गोल फिरत वर गेल्या होत्या, आणि त्यांच्या मधून एक कोरी पट्टी तिरकी गेली होती. तेवढ्या जागी गंज नव्हता. तिथे कातडीला रेषा नव्हत्या, घाम नव्हता. व्रण होता. सहा टाक्यांचा.

बाईंनी भिंग खाली ठेवलं. पुन्हा उचललं. मग झाकणावरचं कार्ड ओढून त्यावरची तारीख वाचली. १९ ऑक्टोबर १९९२.

"मावशी?" तेजल म्हणाली. "काय गं?"

"आज मंगळवार आहे ना," यशोधराबाई काहीतरीच म्हणाल्या. मग खुर्ची ओढून बसल्या. आणि नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "अज्ञात लिहू नका, साहेब. हे माझे यजमान. धम्मदीप गायकवाड. गंजे होते ते. खोलीत पाऊल टाकायची परवानगी नव्हती त्यांना. त्या दिवशी ही बांगडी मी उघडी टाकून दवाखान्यात गेले. तासाभरात बंद झाली नसती तर माझ्या कार्डावर फुली आली असती. त्यांनी ती बंद केली. तेलाने पुसलीसुद्धा असणार, किती वेळा पुसली असेल. पण यांच्या घामापुढे तेलाचं काय चालतंय?"

विक्रांत पेन हातात धरून उभा होता. मग म्हणाला, "तरी तुमची टेस्ट पास आहे, ताई. तुमच्यावर काहीच येत नाही."

"कार्ड कुणाचं आहे?"

"तुमचं."

"मग? काल नियम तुम्हीच सांगितलात." त्यांनी अक्षदापुढे हात केला. "लाल पेन दे."

आणि यशोधरा गायकवाड यांनी आपल्या कार्डावर आयुष्यातली पहिली लाल फुली स्वतःच्या हाताने मारली. ठळक मारली, दोनदा गिरवून. मुलींना वाटलं ताईंना फार वाईट वाटत असेल. तेजल जवळ होती, तिने चेहरा पाहिला. लग्नाच्या नोंदीवर सही करताना माणसाचा होतो, तसा तो चेहरा होता.

नापास बांगडी तशीच बाहेर जाऊ देत नाहीत. कुणी भंगारातून उचलून पुन्हा विमानात बसवू नये म्हणून ती कापून टाकायची, असा नियम. बाई म्हणाल्या, कापा, नियम म्हणजे नियम, पण बांगडी काही त्यांच्या हातातून सुटेना. तेजलने बांगडी ग्राइंडरवर नेली, अंगठ्याच्या बरोबर उलट बाजूने एक चीर पाडली आणि ती तेलाच्या कागदात गुंडाळून मावशीच्या पर्समध्ये ठेवली. विक्रांत तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत होता.

संध्याकाळी राजसी घरी आली तेव्हा शिवणयंत्रावर पांढऱ्या कापडात काहीतरी ठेवलेलं होतं. शेजारी तेलाची बाटली, आणि सिलिंडरमागची ती जुनी चिंधी, धुऊन वाळवलेली. आई जेवणाच्या खुर्चीत स्वस्थ बसून होती.

"हे काय? केवढं गंजलंय," राजसीने बोट पुढे केलं. "पुसून टाकू?"

"हात लावू नको म्हटलं ना."

बाईंनी स्वतःच चिंधीवर तेलाचा थेंब घेतला आणि बांगडीवरून फिरवला, हलका, गंज वाढू नये इतका आणि जाऊ नये इतका. मग राजसीला समोर बसवून आरसा, फुली, तारीख, सगळं सांगितलं.  तारीख तिच्या जन्माची होती, तिला वेगळं समजवावं लागलं नाही.

"म्हणजे बाबा तेव्हा..." ती म्हणाली. "पण मग त्यांनी सांगितलं का नाही? तीस वर्षं ऐकून घेतलं तुझं."

"सांगितलं असतं तर मी जाऊन फुली मारून घेतली असती. ओळखत होते ना मला." यशोधराबाईंनी बांगडी कापडात ठेवली आणि तिच्यावरून कापडाची एक घडी आणली. "आणि खोटं तर ते एक अक्षर बोलले नाहीत, राजसी. मीच ऐकलं नाही. त्या खोलीत जायचं तर दाराशी पायातलं काढून जावं लागायचं. लेसचे बूट होते त्यांचे. बांगडी बंद केली, बाहेर आले, तोवर जीप निघाली."  त्यांनी डोळे पुसले आणि तरीही हसल्या. "बूट घालत होते ते. खरंच बूट घालत होते."